एकच कॅसेट

"उघडून बघू," असं म्हणत ते खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढायचे. खिसा कोटाचा असो की पायजम्याचा, त्यात स्क्रू-ड्रायव्हर असायचाच. आम्ही लंडनच्या वेम्बलीत नवे होतो तेव्हा ते शेजारच्या घरात एकटेच राहायचे. मूळचे ठाण्याचे, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. मराठी आमच्याहून चोख.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. बिघडलंय म्हणून नव्हे, चालतं कसं हे कळावं म्हणून यंत्र उघडणारा. आमचा व्हॅक्युम क्लीनर उत्तम चालत होता. त्यांनी तो उघडून पुन्हा जोडला, तर तो धूळ ओढायच्या ऐवजी फुंकायला लागला. मी कपाळाला हात लावला.

"वहिनी, बघा, दोन्ही कामं होतात याच्यात," ते म्हणाले. खरोखर खूश होते.

स्वतःच्या टीव्हीचा आवाज त्यांनी असाच घालवला होता. चित्र आपल्या घरी बघायचे आणि आमचा टीव्ही मोठा करा म्हणून भिंतीवर टकटक करायचे. शनिवारी मात्र शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी ते बटणालासुद्धा हात लावत नसत, आणि आमच्या रस्त्यावरची सगळी यंत्रं सुखाने नांदत.

त्यांच्या आईला लिहिता येत नव्हतं. म्हणून दोघांत एक कॅसेट ये-जा करायची. एकच. ती ठाण्याहून बोलून पाठवायची. ते ऐकायचे, त्याच्यावरच आपलं उत्तर भरायचे आणि परत धाडायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, नवी घ्या की दुसरी."

"कशाला? ऐकून झालेलं परत कोण ऐकतं?"

मग आई गेल्याची तार आली. पुढे तीन आठवड्यांनी कॅसेटही परत आली. आई गेल्यावर पोहोचली, असं भावाने चिठ्ठीत लिहिलं होतं.

रविवारी दुपारी ते ती घेऊन आमच्याकडे आले. त्यांचा टेपरेकॉर्डर नेहमीसारखा घरी टेबलावर सुटा करून ठेवलेला होता.

"वहिनी, आईचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. मीच पुसला," ते म्हणाले. "माझं बोलणं तिच्यापेक्षा आधी संपलं असेल, तरच शेवटी काही उरलं असेल. पण मी कधी आधी थांबलोय?"

आमच्या ह्यांनी कॅसेट लावली. त्यांचाच आवाज आला. थंडी, कामावरचा साहेब, मग नव्या टोस्टरमध्ये चपाती कशी भाजायची याचं सविस्तर वर्णन. बोलता बोलताच ते ती भाजत होते. मला हसू येत होतं आणि हसायची लाजही वाटत होती. ते मात्र मान खाली घालून, परक्याचं ऐकावं तसं ऐकत होते.

"आता बघ, आई, आपोआप वर येते. येईलच. अरे, धूर..." आणि खट्.

थोडी खरखर झाली. मग एका म्हातारीचा आवाज आला.

"...कालचं आहे हे. मला नको. खवलं बघू दे आधी. ताजं असेल तर दे, नाहीतर जा." दारावर आलेली कोळीण काहीतरी पुटपुटली. "अगं, लंडनला बोलत होते मुलाशी. झालं बोलून. हे बंद कसं करायचं, कोणाला ठाऊक? राहू दे चालू."

पुढे पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, चाकूचा आला, तिचं खोकणं आलं. बाजू संपेपर्यंत ती मासे साफ करत होती. आम्ही तिघं जागचे हललो नाही. मला तिचा चेहराही माहीत नव्हता.

त्यांनी कॅसेट काढून घेतली. तिच्या पाठीवर, दोन्ही टोकांना, प्लॅस्टिकचे पातळ तुकडे असतात; ते असेपर्यंतच तिच्यावर नवं काही भरता येतं. स्क्रू-ड्रायव्हरने त्यांनी ते दोन्ही तोडले. मग ती परत आत घातली आणि रेकॉर्डचं बटण जोर लावून दाबून बघितलं. ते खाली गेलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा दाबून बघितलं.