एका फेऱ्याचा वेळ

आमच्या केळीसाठी जळगाव स्टेशनात मालगाडीचा स्वतंत्र डबा प्रथमच मिळाला, तो एका रविवारी. दुपारी तीनला डबा बंद होणार होता. असोद्याहून नऊ खेपा न्यायच्या होत्या आणि बैलगाड्या तीनच होत्या. घड कापलेले असणार. जे मागे राहतील ते कुजणार.

माझे चुलते, ज्यांना सारे नाना म्हणत, निर्धास्त होते. "एक तास जायाले, एक यायाले. बारा वाजता बठ्ठं खतम!"

मी शाळेत गणित शिकवीत असे. आदल्या रविवारी शेजाऱ्यांच्या केळीच्या गाडीबरोबर मी मुद्दाम पायी गेलो होतो. जाऊनयेऊन रस्ता दोनच तासांचा भरला. पण घड भरणे, स्टेशनात उतरवणे, बैलांचे पाणी आणि विसावा धरून पावणेचार तास गेले. फेरा म्हणजे नुसते जाणेयेणे नव्हे. गाडी भरायला उभी राहते तेथपासून ती पुन्हा भरायला उभी राहीपर्यंतचा सारा वेळ फेऱ्यात मोडतो. सकाळी सहाला आरंभ केला तरी तिसरी खेप तीननंतरच पोचत होती.

"बैलाले घड्याय समजत नाही, मास्तर," नाना म्हणाले.

"बैलांना पळवायचे नाही, नाना. ते उभे राहतात तो वेळ कमी करायचा."

"मंग त्याइच्या जागी मी उभा राहू का?"

नाना हसले, पण त्यांनी ऐकले. गाडी वाटेवर असतानाच पुढचे घड कापून बांधावर पाल्यावर रचून ठेवायचे आणि चार माणसे दिवसभर डब्यापाशीच ठेवायची, असे ठरले. दोन फेरे नेमके जमले. तिसऱ्या खेपेला मात्र रेल्वेच्या फाटकापाशी तिन्ही गाड्या अडकल्या. एक मालगाडी समोर उभीच राहिली.

"हा वेळ धरला व्हता का?" नानांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. खरेच धरला नव्हता.

फाटक उघडले तेव्हा अडीच वाजून गेले होते. डब्यापाशी माणसे तयार होती म्हणूनच निभावले. नानांनी स्वतः धोतर खोचून घड खांद्यावर घेतले, मीही घेतले. शेवटचा घड आत गेला आणि मागोमाग डब्याचे दार लागले.

नाना घाम पुसत म्हणाले, "पुढच्या डब्याले फाटकाचा एक तास धरजो."

"धरला," मी म्हणालो.