तांदळावर टेकवलेले गुडघे

निघताना भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर आईने एकच विचारलं होतं, "तिकडे भात तरी मिळेल ना गं?" मी हसले. भातपिकावर संशोधन करायलाच तर चालले होते! पण लुइझियानातल्या या चिमुकल्या गावात आले आणि थक्क झाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध, पाणी, भाताच्या बांध्या. कापणी झाली की त्यांतच पुन्हा पाणी भरून क्रॉफिश पाळतात, आपल्या झिंग्यांसारखे. चिखलाचा वास तर थेट आमच्या शेताचा.

प्लेनो-फ्रीमाँटसारख्या अमेरिकन शहरांत जमलेल्या मराठी मंडळींनो, अकरा वर्षं तुम्ही विचारताय, "यार, त्या खेड्यात काय करतेस? मूव्ह हो ना!" आज सांगूनच टाकते. राग आला तर येऊ दे. मलाही आलाय.

आमच्या शेजारच्या मिस ओडील क्रिओल आहेत, म्हणजे फ्रेंच वळणाची भाषा बोलणाऱ्या इथल्या जुन्या समाजातल्या, ऐंशी पार केलेल्या. इथे थोरामोठ्या बायकांच्या नावाआधी मिस लावतात, आपण मावशी म्हणतो तसं. दर रविवारी त्यांच्याकडे गंबो, म्हणजे भेंडी घातलेला दाट रस्सा भातावर ओतून. गेलो नाही तर फोन करून झापतात.

परवाच्या रविवारी आम्ही तिथे असतानाच आईचा व्हिडिओ कॉल आला. ती ओवीला, माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला, पुन्हापुन्हा विचारत होती, "भात खाल्ला का गं?" ओवी माझ्याकडे वळून म्हणाली, "मॉम, व्हॉट इज शी सेइंग?" आईने ते ऐकलं. "ठेवते गं," म्हणाली. आणि मी मूर्खासारखी मिस ओडीलना कौतुकाने सांगते काय, तर शाळेत मागे पडायला नको म्हणून आम्ही घरी मराठी बोलणंच बंद केलंय!

त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. त्या सहा वर्षांच्या असताना शाळेत घरची क्रिओल बोलल्या, म्हणून बाईंनी त्यांना कच्च्या तांदळाच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले होते. तांदळाच्या! बापाने पिकवायचा आणि लेकीने त्यावर गुडघे सोलून घ्यायचे! पुढे स्वतःच्या मुलांवर ती वेळ यायला नको, म्हणून त्यांनी त्यांना ती भाषा शिकवलीच नाही. आता गावात त्यांच्याशी त्या भाषेत भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही. माझं डोकंच फिरलं. मी त्या शाळेच्या नावाने बोटं मोडायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

"मला गुडघ्यांवर बसवलं होतं. तुला कोणी बसवलं, बाळा?"

काय सांगणार, कपाळ! ओवीच्या शाळेने एका शब्दाने काही म्हटलं नव्हतं. तुमच्या पॉटलकमध्ये, प्रत्येकाने डबा आणायच्या त्या जेवणात, कोणीतरी म्हणालं, मुलांचा ॲक्सेंट बिघडतो, आणि मी शहाणीने ते ऐकलं. एवढी शिकलेली बाई मी, आणि माझ्या आईपासून तिची नात मीच तोडली. लाज वाटते हो लिहिताना.

तेव्हा मी मूव्ह होणार नाही. मला असं तोंडावर सुनावणारं माणूस आहे तिथेच माझं घर.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी ओवीकडून एकच वाक्य घोटून घेतलं आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. ओवी अडखळत म्हणाली, "आजी, भात खाल्ला?"

आई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आता खाते गं माय."