भामरे सर आणि जस्ती बादली

भामरे सर उंदराची मान मोडता मोडता शिकवत. एका हाताचा अंगठा मानेवर, दुसऱ्या हातात शेपूट, एकच झटका, आणि लगेच हुकूम, "काळीज काढा." पहिल्या दिवशी मी हृदय काढायला गेले, तर त्यांनी माझ्या हातातली कात्री हिसकावून भिंतीवर फेकली. "काळीज म्हणजे लिव्हर. खाटकाला विचार, पुस्तकाला नको."

गोष्ट नव्वदच्या दशकातली. सुरतेच्या एका कॉलेजात सर बायोकेमिस्ट्री शिकवत आणि मी त्यांची संशोधन साहाय्यक होते. सर मूळचे धुळ्याकडचे. एरवी शुद्ध बोलत, राग आला की अहिराणीत शिरत. आणि राग रोज येई. काचेचे चंबू त्यांच्या हातून किती फुटले याला गणती नाही.

आमचं काम साधं पण रक्ताळलेलं होतं. उंदराच्या मांडीत टर्पेंटाइन टोचायचं. मांडी टरारून सुजायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातलं झिंक एकदम उतरलेलं असायचं. इतर लोक म्हणत, झिंक कमी पडलं, गोळ्या द्या. सर टेबलावर मूठ आपटत. "दंगल झाली की इथला कापड व्यापारी काय करतो? ताके आत ओढतो, शटर पाडतो. बाजारात माल दिसत नाही म्हणून तो भिकेला लागला का? सूज म्हणजे अंगातली दंगल. काळीज झिंक आत ओढतं, आणि मेटॅलोथायोनिन नावाचं प्रोटीन ते धरून ठेवतं. दंगल निवली की सोडतं." हे आकड्यांनी दाखवण्यासाठी ते दोन वर्षं उंदीर मारत होते.

नळ्या धुण्याचं काम काशिनाथभाऊंचं. ते सुरतेतल्याच नवागाम वस्तीत राहायचे. कापडाच्या लूमवर उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा सरांनीच त्यांना कॉलेजात लावून घेतलं होतं. नळ्या प्लॅस्टिकच्या टबातच धुवायच्या, असा सरांचा हुकूम होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा भाऊ रजेवर असताना टब माझ्या हातून तडकला. मी बाहेरची बादली आणली आणि अ‍ॅसिडमधून काढलेल्या नळ्या तिच्यात बुडवून ठेवल्या.

उंदरांच्या शेवटच्या तुकडीचे आकडे आले ते सगळे बिघडलेले. सुजलेला उंदीर आणि धडधाकट उंदीर, दोघांच्या काळजात सारखंच भरमसाट झिंक. सरांनी खोली उलटीपालटी केली. मोरीत बादली दिसली तशी त्यांनी ती लाथेने उडवली आणि नळ्यांचा आख्खा स्टँड जमिनीवर आपटला. "जस्ती बादली. अरे, नावातच जस्त आहे." मी जन्मभर जस्ती बादली म्हणत आले होते. आमच्या प्रयोगशाळेत मात्र सगळे झिंक म्हणत, त्यामुळे दोन्ही एकच हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अ‍ॅसिडच्या नळ्यांना बादलीचंच झिंक लागलं होतं.

काशिनाथभाऊ दारात उभे होते. सरांनी त्यांची कॉलर धरली.

"सर, मी त्या दिन उनूच नही, रजावर व्हतू," भाऊ म्हणाले. पुढचं बोलायच्या आत सरांनी त्यांच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. "उद्यापासून येऊ नको," सर म्हणाले. मी तिथेच उभी होते. माझं काम जाईल या भीतीने माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. रविवारी सकाळी सरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "स्कूटरवर बस," एवढंच म्हणाले.

नवागामच्या गल्लीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, सर भाऊंच्या उंबऱ्याशी उभे राहिले. चष्मा काढून खिशात ठेवला. "काशिनाथ, मी तुले मारं. आते तू माले मार."

मला वाटलं, भाऊ पाया पडतील. त्यांनी लुंगीला हात पुसला आणि त्या तीन बोटांच्या हाताने अशी सणसणीत ठेवून दिली की सर पायरीवरच बसले. नाकातून रक्त आलं.

"उद्या कामावर ये," सर रुमाल लावत म्हणाले.

"मी येस," भाऊ म्हणाले. "पन आते माले इचारीसन मारज्यात."

त्यानंतर सरांनी चंबू फोडले, पण माणसावर हात उचलला नाही. दर वर्षी नव्या मुलांना ते बादलीची गोष्ट सांगत, स्वतः खाल्लेल्या चपराकीसकट. "टब का, हे मी सांगितलं नव्हतं. चूक माझी," म्हणत. माझं नाव कधी घेतलं नाही. मी बाजूला मान खाली घालून उभी असे.

सर गेले त्या वर्षी त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी मी मुलांना सांगितलं, बादली मी आणली होती आणि दोन दिवस गप्पही मीच बसले होते.

एका मुलीने विचारलं, "मग सरांनी तुम्हाला काय केलं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि नळ्या टबातच का धुवायच्या ते फळ्यावर लिहायला घेतलं.