डोक्याला लागलं की खाली बसायचं

कार्ल्याला हायवेलगत माझं चिक्कीचं दुकान आहे. सुरुवात हातगाडीपासून केली, त्यामुळे घासाघिशीत मला कुणी हरवत नाही. दुकानात माझा थोरला भाऊ खुर्ची टाकून बसतो. दादा आता बरंच काही विसरतो. गिऱ्हाईक आलं की त्याला सांगतो, "हितं महाग देत्यात. पुढच्या दुकानात जावा." मी ओरडलो की माझ्याकडे वळून विचारतो, "पाव्हणं, तुमी कुटलं?" गिऱ्हाईक हसतं, मलाही हसू येतं, आणि हसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने जात नाही.

हा दादा एके काळी गावच्या कबड्डी संघाचा हुकमी चढाईपटू होता. पकडीत डोकी आपटायचीच. कुणी पडला की आमच्याकडे एकच औषध: कळशीभर गार पाणी डोक्यावर ओतायचं आणि त्याला परत आत सोडायचं. असा उठून जो खेळेल त्याला यात्रेत नारळ आणि फेटा. एका यात्रेत दादाचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर असं आपटलं की आवाज पार मैदानाबाहेर ऐकू आला. पाणी मीच ओतलं. दादा उठला आणि कप्तानाला म्हणाला, "आपली बाजू कुटली?" सगळं मैदान हसलं. कप्तानाने खांदा धरून त्याला बाजू दाखवली, आणि दादाने सामना जिंकून दिला. हा किस्सा गावाने पुढे कित्येक वर्षं रंगवून सांगितला. मीही सांगायचो.

दादाचं विसरणं वाढलं तेव्हा त्याला पुण्याला नेलं; तिथल्या डॉक्टरांना हा किस्सा सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. "असं किती वेळा लागलं होतं?" त्यांनी विचारलं. मला आठवेना, इतक्या वेळा. ते म्हणाले, डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला तर पुढे मेंदू झिजण्याचा धोका वाढतो. दादाला त्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण लागल्यावर लगेच परत खेळवणं चूकच.

तेव्हापासून मी कप्तानावर डूख धरून होतो. त्यांना आता सगळे आबा म्हणतात आणि गावचे सामने तेच भरवतात. यंदा मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"आबा, ज्याच्या डोक्याला लागंल तो त्या दिवशी परत खेळणार न्हाई. नंतर बी डॉक्टरनं हो म्हटल्याबिगर न्हाई."

"मग कबड्डी कशाला? पत्ते खेळवू की! मला बी लय लागलंय. मला कुटं काय झालं?"

"तुमी काय काय इसरता त्ये तुमच्या सुनंला इचारू."

आबा तांबडेलाल झाले. "बरं, पाच मिंटं बसवू."

"दिवसभर."

"अर्धा डाव."

"दिवसभर. न्हाईतर मॅट गुंडाळून नेतो."

मॅट मीच घेऊन दिली होती. आबांनी मान हलवली.

अंतिम सामना आंदर मावळातल्या एका गावाशी पडला. शेवटची काही मिनिटं उरली होती, आम्ही दोनच गुणांनी मागे. आमचा सगळ्यात भारी गडी चढाईला गेला आणि पकडीत त्याचं कपाळ एकाच्या गुडघ्यावर आदळलं. तो लगेच उठला, हसलासुद्धा. मी खुर्चीवरून उडालो. "उभा हाय की! काय झालं न्हाई त्याला! सोडा!"

आबा मैदानाच्या कडेने चालत माझ्यासमोर आले. "शेट, दिवसभर म्हंजी दिवसभर."

त्या गड्याला त्यांनी बाहेर बसवलं. आम्ही हरलो. समोरच्यांनी ढोल असे बडवले की माझं डोकं उठलं. माझ्याच टेम्पोतून आम्ही गड्याला लोणावळ्याला डॉक्टरांकडे नेलं. तपासून त्यांनी काही दिवस विश्रांती सांगितली. परत येताना आबा टेम्पोत माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "तुज्या दादाला बी त्या दिशी असंच बसवाया पायजे हुतं. चुकलं माजं."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. पण पहिल्या बोलीवर सौदा पक्का करायची मला सवय नाही. मी म्हटलं, "मला नगा सांगू. त्याला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दुकानात आले. दादासमोर स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं: आपटलेलं डोकं, पाणी, दाखवलेली बाजू, स्वतःची चूक. पाणी कुणी ओतलं ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी मागून सांगितलं. दादाने आम्हा दोघांचंही नीट ऐकून घेतलं.

"त्ये ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "सामना कोन जिंकलं?"

"आपुन," आबा म्हणाले.

दादाने मांडीवर अशी थाप मारली की आबा दचकले.