पायरीवरचा रणगाडा

माझी जहाजं आमच्या घरात खाटेखाली राहत. तीही अत्याच्या खाटेखाली, पत्र्याच्या ट्रंकेमागे, आल्यागेल्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून. मुलीनं भरतकाम करावं, विणकाम करावं, फार तर मण्यांची तोरणं करावीत. काड्यापेट्यांच्या पातळ लाकडाची युद्धनौका करून तिला दोऱ्याचे कठडे लावत बसणं हे काही बरं लक्षण नाही, असं घराचं मत होतं. "लग्न ठरलं की आपोआप सुटेल," अप्पा म्हणायचे. लग्न ठरलं नाही आणि नाद सुटलाही नाही. दोन्हींचं मला काडीइतकं वाईट वाटलं नाही.

मी कारखान्यात ट्रेसर होते. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेली ड्रॉइंगं कापडावर शाईनं उतरवायची, हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवून चामराजपेटेत घरी परतलं की काहीतरी स्वतःचं करावंसं वाटायचं. आणि करायचं तर मापात. आगबोटीच्या धुराड्यावर चढायची बारीक शिडीसुद्धा मी सोडत नसे. "कोणाला दिसणारंय ते?" असं कोणी म्हणालं की मी मुद्दाम आणखी एक शिडी लावायचे.

नवरात्रात आमच्याकडे बोंबे हब्ब असतो, बाहुल्यांचा सण. आमची माणसं महाराष्ट्रातून इकडे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की तो कानडी की आपला, हे आता कोणी विचारत नाही. पायऱ्या मांडायच्या. सगळ्यात वर लाल चंदनाचे राजा-राणी, खाली देव, त्याखाली वाणसामान मांडून बसलेले गुबगुबीत शेट्टी आणि शेट्टम्मा. आणि दर वर्षी एक तरी नवी बाहुली त्यात घालायचीच. मी दर वर्षी विचारायचे, या खेपेला माझं जहाज ठेवू का? पायऱ्यांचा सगळा कारभार अत्याकडे. ती म्हणायची, "ते काय बोंबे आहे? आधी त्याला डोळे काढ, मग बघू." सगळे हसायचे. मी नाही हसायचे.

मग सीमेवर लढाई पेटली, आणि ज्या अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, माझ्या जहाजांकडे कधी वाकून पाहिलं नव्हतं, तो एकदम गोड बोलायला लागला. "अगं, पेपरात आलाय तसला रणगाडा करशील? शत्रूचा, आपण पकडलेला. पायरीवर ठेवू. सगळी पेट लोटेल बघायला."

माझा संताप झाला. इतकी वर्षं नाकं मुरडली आणि आता हे. पण मला ती पायरी हवी होती, फार हवी होती. मी हो म्हटलं.

पेपरातल्या फोटोत रणगाड्याशेजारी एक जवान उभा होता. त्याची उंची साडेपाच फूट धरली आणि त्यावरून बाकी सगळं मोजलं. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापला, चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांची चाकं घेतली, तोफेला संपलेल्या रिफिलची नळी लावली. वरच्या बुरुजाचं झाकण फोटोत उघडं होतं. मी पत्र्याची एवढीशी बिजागरी वळून त्यात सुई घातली, म्हणजे ते नखानं उघडायचं आणि मिटायचं.

"हे कशाला उघडायला पाहिजे?" अत्यानं विचारलं.

"खऱ्याचं उघडतं म्हणून."

लढाई थांबली आणि लगेच घट बसायचा दिवस आला. अण्णानं रणगाडा हातात फिरवून पाहिला. "झकास. आता याची नळी वाकव. एक पट्टा तोड, काजळी फास. फुटलेला दिसला पाहिजे."

"नाही," मी म्हटलं. "मी करते ते धड करते. फुटकंच हवं असेल तर सोंड तुटलेला हत्ती आहे, त्याला ठेव."

अप्पांनी पेपर खाली घेतला. "अगं, शत्रूचा रणगाडा धडधाकट ठेवून आरती करायची? लोक काय म्हणतील?"

"मग ठेवू नका. माझं काही मोडल्याशिवाय पायरीवर चढणार नसेल, तर ते खाटेखालीच बरं."

पंचाईत अत्याची झाली. रणगाड्याच्या भरवशावर त्या वर्षी नवी बाहुली घेतलीच नव्हती. "सरी, ठीक आहे," ती शेवटी म्हणाली, "आज ठेव. उद्याचं उद्या."

"उद्या मीच वाकवतो," अण्णा म्हणाला. मी पायऱ्यांशेजारी सतरंजी टाकली आणि राखणीला बसले. हात लावलास तर बघ, असं त्याला स्वच्छ सांगितलं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारच्या अम्मा आल्या. त्यांचा मुलगा फौजेत रणगाड्यावर होता, आणि लढाई सुरू झाल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. दर वर्षी त्या पायऱ्यांपुढे बसून गाणं म्हणत. त्या दिवशी त्या माझ्या रणगाड्यापुढे बसल्या आणि गाणं म्हणाल्या नाहीत.

"आत किती जण बसतात?" त्यांनी कानडीत विचारलं.

"चार-पाच जण."

"आणि बाहेर कुठून येतात? बागिलु, दार कुठे?"

मी झाकण दाखवलं. अण्णा घाईनं पुढे झाला. "अम्मा, हा आपला नाही. त्यांचा आहे, त्यांचा."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नखानं झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. असं कितीतरी वेळ चाललं होतं. मग झाकण उघडं ठेवून त्या मला म्हणाल्या, "हीगे इरली." असंच राहू दे.

त्या गेल्यावर अण्णानं झाकण मिटायला हात नेला. "हात लावू नकोस त्याला," अत्या म्हणाली. नळी वाकवायचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

विजयादशमीला बाहुल्या निजवून जुन्या लुगड्यांत गुंडाळून ठेवतात. अत्या म्हणाली, याचं झाकण मिटव, म्हणजे ट्रंकेत मावेल. मी नाही म्हटलं. रणगाडा रेडिओवर ठेवला, तसाच उघडा. अप्पा बातम्या ऐकताना त्याच्याकडे बघायचे. अम्मा अधूनमधून यायच्या, एक नजर टाकायच्या आणि जायच्या.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी त्या मुलाचं पत्र हातात घेऊन आल्या. वाचून दाखवलं नाही, बसल्याही नाहीत. सरळ रेडिओपाशी गेल्या, नखानं झाकण लावलं आणि मग रडल्या.

पुढच्या नवरात्रात मी खाटेखालून युद्धनौका काढली आणि कोणालाही न विचारता मधल्या पायरीवर ठेवली. अत्या बघत होती. डोळे मी काढले नव्हते.