बेल्ट कपाटात, साहेब तराफ्यावर

सावंतसाहेब तराफ्यावर पालथे पडले होते. दोन्ही हातांनी फळी धरलेली, डोळे गच्च मिटलेले. सेफ्टी बेल्ट खाली कपाटात होते. कपाटाला कुलूप होतं. आणि कुलपाची चावी साहेबांच्या पँटच्या खिशात होती.

"साहेब, चावी तेवढी खाली टाका," अशोकदादा खालून म्हणाले.

"हात सोडू कसा?" वरून बारीक आवाज आला.

"एकच सोडा."

"एक सोडला तर एकच राहील ना."

हिशोब बरोबर होता. आम्ही सगळे वर बघत उभे राहिलो.

आधी तराफा म्हणजे काय ते सांगतो. मी लाइटमन आहे. गोरेगाव पूर्वेला एका स्टुडिओत सिरियलच्या सेटवर काम करतो. स्टुडिओतल्या मोठ्या हॉलला फ्लोअर म्हणतात. फ्लोअरच्या छताला लोखंडी गर्डर असतात. त्या गर्डरना दोर बांधून लाकडी फळ्या टांगतात, पाळण्यासारख्या. तो तराफा. त्यावर चालत जाऊन आम्ही मोठे लाइट लावतो. खाली सासू सुनेला विष घालत असते, वर आम्ही असतो. टीव्हीत तुम्हाला आम्ही दिसत नाही. दिसलो तर रिटेक होतो.

उंची म्हणाल तर खाली उभा माणूस वरून टोपीएवढा दिसतो.

मी नांदेडकडचा, किनवटच्याही पुढचा. शाळा आठवीत सुटली. मुंबईत आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. या सावंतसाहेबांनीच मला ठेवून घेतलं. ते प्रोडक्शन मॅनेजर, म्हणजे सेटवरचा चहा, खुर्च्या, माणसं आणि खर्च, सगळं त्यांच्याकडे. "जेवलास काय रे?" हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. राहायचं ठरेपर्यंत प्रॉपर्टीच्या, म्हणजे सेटवरच्या सामानाच्या खोलीत झोपू दिलं. त्यामुळे पुढे जे लिहितो ते हसत लिहिलं असलं, तरी या माणसाचं मीठ माझ्या पोटात आहे.

पण मी भित्रा. मुळातच. गॅस बंद केला का ते खोलीवर परत जाऊन बघतो. आईचा फोन अवेळी आला तर उचलायच्या आधी देवाचं नाव घेतो. अशा माणसाच्या नशिबात तराफा. म्हणून पहिल्या महिन्यापासून मी कमरेला एक दोर बांधायचो आणि त्याचं दुसरं टोक गर्डरला. गाठ बैल बांधायची, बापाकडून आलेली. बाकीचे लाइटमन हसायचे. "ए, आलं बघ खुंट्याचं वासरू!" "कालवड कुठं ठेवलीस रे?" मी हसून घ्यायचो. दोर सोडायचो नाही.

गंमत अशी की लाइटला साखळी होती. प्रत्येक लाइटला सेफ्टी चेन लावायचा नियम होता आणि सावंतसाहेब तो कडक पाळायचे. लाइट भाड्याचा. पडला तर भरून द्यावा लागतो. माणूस भाड्याचाच, पण त्याचं डिपॉझिट नसतं.

बेल्टही होते. खोटं कशाला बोलू. कंपनीने नवे कोरे सेफ्टी बेल्ट घेतले होते, खांद्यावरून मांडीपर्यंत येणारे. आले त्या दिवशी साहेबांनी त्यांना हार घातला, नारळ फोडला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. कपाटाच्या दारावर पोस्टर चिकटवलं, 'सुरक्षा प्रथम'.

मी एकदा मागून बघितला. "साहेब, एक बेल्ट द्या ना."

"हरवलास तर?"

"हरवणार कसा? अंगावर असंल."

"तेच. घामाचा वास लागतो. मग उद्या इन्स्पेक्शनला काय दाखवू? तुझी बनियन?"

म्हणजे बेल्ट वापरले तर जुने होणार. जुने झाले तर दाखवायला राहणार नाहीत. दाखवायला राहिले नाहीत तर सेफ्टी कुठं राहिली? हा हिशोब आठवीच्या पुढचा असावा.

बाकी बंदोबस्त जोरात होता. रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर नारळ. दर शनिवारी तराफ्याला नवी लिंबू-मिरची. ती बांधायला वर कोण जायचं? आम्हीच. बेल्टशिवाय.

साहेब स्वतःच्या बाबतीतही बेफिकीर नव्हते. चहा बिनसाखरेचा. दोन-तीन विम्याच्या पॉलिसी. मनगटावर पावलं आणि ठोके मोजणारं घड्याळ. लिफ्ट जुनी वाटली तर जिना, जिना ओला वाटला तर घरी. जगातले सगळे धोके त्यांना माहीत होते, डोक्यावरचे सोडून.

त्या दिवशी लंच ब्रेकमध्ये इन्शुरन्सच्या मॅडम आल्या. सेटचा विमा उतरवायच्या आधी त्या येऊन बघून जातात, कशाने काय नुकसान होऊ शकतं ते. तरुण बाई, पायात स्पोर्ट्स शूज, बोलणं कमी. साहेबांनी त्यांना आधी बिनसाखरेचा चहा दिला, मग फायर एक्स्टिंग्विशर दाखवला, मग कपाट उघडून बेल्ट दाखवले. प्लास्टिकसकट. मॅडमनी एक फोटो काढला. साहेबांनी कपाट परत बंद केलं आणि चावी खिशात टाकली.

मॅडम वर बघत म्हणाल्या, "हे हाय रिस्क आहे."

"छे हो, रोजचंच आहे," साहेब म्हणाले.

"रोजचं आहे म्हणूनच. आम्ही दोन गोष्टी बघतो. पडायची शक्यता किती, आणि पडलं तर होईल काय."

अशोकदादा आमचे हेड लाइटमन. अकोल्याकडचे, तोंडाचे फटकळ. ते बाजूला डबा खात होते. म्हणाले, "मॅडम, दुसऱ्याचं उत्तर लिहून टाका. तिथून पडलं की एकच होतं."

साहेबांनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

"बेल्ट अडकवायचा कशाला?" मॅडमनी विचारलं. "वर लाइफलाइन आहे का?"

लाइफलाइन म्हणजे गर्डरला ताणून बांधलेली पोलादी वायर. बेल्टचा हूक तिच्यात अडकवायचा. वायर नसेल तर बेल्ट नुसता दागिना.

"आहे की," साहेब म्हणाले.

"नाही," अशोकदादा म्हणाले. दोघं एकदम.

मॅडम म्हणाल्या, "असेल तर वरून फोटो काढून द्या."

साहेबांनी अशोकदादांकडे फोन पुढे केला. अशोकदादांनी डब्याचं झाकण लावलं. "नसलेल्या वस्तूचा फोटो मला नाही येत काढता."

मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बुटाची लेस बांधायला वाकलो. पायात चपला होत्या.

"नको, कुणी नको," साहेब चिडले. "मीच काढतो. मॅडम, आम्ही कोकणातली माणसं. नारळाच्या झाडावर चढून लहानाचे मोठे झालो. ह्यांच्यासारखी दोर बांधून नाय चढत आम्ही."

मी म्हणालो, "साहेब, बेल्ट घालून जा."

"दोन मिनिटांचं काम आहे रे. प्लास्टिक कशाला फोडायचं?"

आणि ते चढले. भिंतीला लावलेल्या लोखंडी शिडीवरून, चामड्याच्या बुटांत, पोट सांभाळत. शिडी त्यांनी बरी पार केली. मग तराफ्यावर पाऊल टाकलं. तराफा हलतो. टांगलेलाच असतो, हलणारच. साहेबांना ते माहीत नव्हतं. चार पावलं पुढे गेले, तराफ्याने झोका घेतला आणि त्यांनी खाली बघितलं.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

हसू आलं का? आलं. कुणीतरी मागून म्हणालंही, "झकास. आता लिंबू-मिरची बदलूनच उतरा." पण साहेबांचा एक पाय फळीबाहेर लोंबत होता आणि थरथरत होता. त्यांच्या थरथरण्याने तराफा हलत होता, आणि तराफा हलला की ते जास्त थरथरत होते. तेव्हा हसू बंद झालं.

अशोकदादांनी हातोडी आणून कुलपावर घातली. कपाट पत्र्याचं, त्याला पोचे पडले. कुलूप तसंच. ते मात्र उत्तम प्रतीचं घेतलेलं. दोघा-तिघांनी गाद्या ओढून आणल्या. आदल्या दिवशी सुनेचा जिन्यावरून पडायचा सीन झाला होता. खालच्या दोन पायऱ्यांवरून पडायचं होतं, त्याला ढीगभर गाद्या मागवल्या होत्या. त्या आता साहेबांच्या खाली रचल्या. पण एवढ्या उंचीवरून गादी कितपत कामाची, हे रचणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

वरून पीं पीं आवाज यायला लागला. साहेबांचं घड्याळ होतं. ठोके वाढलेत, शांत बसून श्वास घ्या, असं ते सांगत होतं.

"मी जातो," मी म्हणालो. कसं म्हणालो ते माहीत नाही. पाय माझेही लटपटत होते. फरक एवढाच की माझे रोजच लटपटतात. त्यांना सवय आहे.

मी माझा दोर घेतला, शिवाय आणखी दोन. एक कमरेला बांधला, वर जाऊन गर्डरला अडकवला. मग तराफ्यावर बसून सरकत सरकत साहेबांजवळ गेलो. चालत गेलो असतो तर झोका बसला असता.

"साहेब, मी माधव."

"माका खाली घे रे," साहेब म्हणाले. त्यांचं इंग्रजी गेलं होतं, मुंबईची मराठी गेली होती, उरली होती ती आईची भाषा. "माझे पाय हलणत नाय."

"हलवू नका. मी दोर बांधतो फक्त."

दुसरा दोर त्यांच्या काखेखालून घातला, छातीभोवती गाठ मारली आणि वरच्या गर्डरला आवळला. बैलाची गाठ. ओढली की घट्ट होते पण फास बसत नाही.

"आता पडलात तरी लोंबकळाल. खाली जाणार नाही."

"नक्की?"

"आमचा बैल नाही गेला कधी."

साहेबांनी एक डोळा उघडला. मी त्यांच्या खिशात हात घातला. चावी काढून खाली टाकली. मग तिसऱ्या दोराचं टोक खाली सोडलं. अशोकदादांनी कपाट उघडून एक बेल्ट आणि एक लांब दोर त्याला बांधला, मी वर ओढून घेतला. प्लास्टिक मी दाताने फाडलं. साहेब तशा अवस्थेतही त्या फाटणाऱ्या प्लास्टिककडे बघत होते.

पडल्या पडल्या त्यांच्या अंगात बेल्ट चढवणं म्हणजे झोपलेल्या म्हशीला सदरा घालणं. घातला. लांब दोर बेल्टच्या हुकात अडकवला, गर्डरवरून टाकून खाली सोडला. खाली अशोकदादा आणि चार जणांनी तो ताणून धरला, तेव्हा मी छातीचा दोर सोडला. आता साहेबांना फक्त शिडीपर्यंत सरकायचं होतं. पण ते सरकेनात.

भ्यालेल्या माणसाला 'भिऊ नका' म्हणून उपयोग नसतो. मला लोक रोज म्हणतात. म्हणून मी दुसरंच विचारलं. "साहेब, नारळाच्या झाडावर आधी हात पुढे घेता का पाय?"

त्यांनी फळी आणखी घट्ट धरली. मग हळूच म्हणाले, "मी चढलंय नाय कधी."

"मग?"

"आमचो गडी चढायचो. मी खाली उभो रवान नारळ गोळा करी." मग म्हणाले, "खाली सांगू नको."

"नाही सांगत. आधी उजवा गुडघा मागे घ्या."

घेतला. मग डावा. असं करत शिडी आली. मी शिडीवर त्यांच्याखाली राहिलो, त्यांचा एकेक बूट हाताने धरून पायरीवर ठेवत. वरून दोर ताणलेला. मध्येच एकदा त्यांचा बूट निसटला, माझ्या खांद्यावर आपटला आणि साहेब पूर्ण वजनानिशी बेल्टवर लोंबकळले. खाली पाचही जणांनी टाचा रोवल्या. बेल्टने धरलं. साहेब हवेत अर्धा फेरा फिरून परत शिडीला चिकटले. बेल्ट काय करतो, ते त्या फ्लोअरवर पहिल्यांदाच सगळ्यांनी बघितलं.

खाली आल्यावर साहेब गादीवर बसले. चहा मागितला. साखर घातलेला. मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "फोटो?"

साहेबांनी मान हलवली. "लाइफलाइन नाही आहे."

"बघितलं मी," मॅडम म्हणाल्या. "पॉलिसीला अजून उशीर आहे. आधी वायर लावा."

वायर लागली. त्याच आठवड्यात. मी कामाला लागल्यापासून जे जमत नव्हतं, ते साहेब एकदा लोंबकळल्यावर जमलं. बेल्ट आता शिडीपाशी खिळ्यांना टांगलेले असतात. घामाचा वास येतो त्यांना, चांगलाच. वर जाताना कुणी विसरलं तर साहेब लांबूनच ओरडतात, "ए मेल्या, पट्टो!" मला आता कुणी वासरू म्हणत नाही. बेल्टच्या वर मी अजून माझा दोरही बांधतो, ते बघून फक्त अशोकदादा हसतात.

साहेब ती गोष्ट पाहुण्यांना वेगळी सांगतात. बेल्टची ट्रायल घ्यायला आपण स्वतः लोंबकळून बघितलं, असं. मी शेजारी उभा राहून मान डोलावतो. मीठ खाल्लंय. नारळाच्या झाडाचंही मी खाली कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिलं, पण साहेब वाचत नाहीत.

धोका खालून दिसत नाही, एवढंच मला कळलं. ज्याच्या सहीने बेल्ट निघतो, त्याला एकदा तरी वर नेऊन बसवावं. पोस्टरपेक्षा स्वस्त पडतं.

कपाट रिकामं झालं होतं, त्यात आता रोज फोडायचे नारळ ठेवतात. कुलूप तेच आहे, चावी साहेबांच्याच खिशात. नारळ चोरीला जायचे म्हणे.