हैबतीच्या घराचा कुकारा

महाडच्या खाली सावित्रीच्या पात्रात एक बेट आहे. घरं पाच, कुत्री त्याहून जास्त. काठावरून होडी मागवायची तर बेटाकडे तोंड करून कुकारा द्यावा लागतो. कुकारा म्हणजे लांब हाक, आणि ती प्रत्येक घराची वेगळी. आता सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहेत, पण होडीवाला हैबती ऐकेल तर शपथ. "फोनवर होडी सुटत नाय. गळा हाय ना देवानं दिलेला?" झालं, विषय संपला.

हैबतीच्या स्वतःच्या घराचा कुकारा सर्वांत लांब, कारण त्यात अख्खं घराणं बसलंय. सुरुवातीचं "ओ होऽऽऽ" पणज्याचं. मग "ख्यॅ, ख्यॅ" हा आजा मोरूचा विडीचा खोकला. म्हाताऱ्याला खोकल्याशिवाय हाक मारताच येत नसे, पोरांनी ती तशीच उचलली. शेवटचं "कोंबडा धरा रेऽऽऽ" हे हैबतीची आई गोदूबाई हिचं. महाडच्या बाजारातून आणलेला कोंबडा तिच्या काखेतून थेट नदीत उडाला होता. कोंबडा गेला, पुढे म्हातारपणी माउलीही गेली, हाक राहिली. आजही या घरातला माणूस रिकाम्या हातानं आला तरी आधी कोंबडा धरायला सांगतो.

आता हैबतीचं दुखणं ऐका. साठी उलटली, तरी कुकाऱ्यात त्याचं काहीच नव्हतं. बेटाचा रिवाज असा, की घरात नवी सून येते तेव्हा काठावरून पहिला कुकारा ती देते, आणि ती देईल तोच पुढे कायम. मग त्यात कुणी ढवळाढवळ करायची नाही. हैबतीचा एकुलता एक मंगेश बिरवाडीला कारखान्यात कामाला. त्याचं लग्न ठरलं पोलादपूरकडच्या अनुपमाशी, आणि हैबतीची झोप उडाली. आत्ता जमलं नाही, तर मेल्यावर त्याची आठवण म्हणून नदीकाठी कोण ओरडणार?

"त्यांनी काय मुद्दाम लावलं व्हतं काय?" त्याची बायको बानूबाई म्हणाली. "खोकला आला, कोंबडा पळाला. आपसूक झालं ते."

"माझं आपसूक कायच व्हत नाय गो!" हैबती कळवळला. ते खरंच होतं. उभ्या जन्मात त्याची होडी कधी साधी डगमगलीसुद्धा नव्हती.

त्यानं शीळ घालून पाहिली, पण पुढचे दातच नव्हते. हंबरून पाहिलं, तर पलीकडून कुणाची तरी म्हैस पोहत आली आणि तिला हाकलण्यात दिवस गेला. मंगेशनं ही सगळी रड अनुपमाला सांगितली. तिनं जुना कुकारा पाठ केला आणि शेपटाची जागा रिकामी ठेवली. बाबा ऐनवेळी काय सांगतील ते जोडायचं, असं ठरलं.

लग्न पोलादपूरला लागलं. अक्षता पडल्या तसा हैबती वऱ्हाडाच्या आधीच निघून बेटावर आला, होडी त्यानंच न्यायची म्हणून. बानूबाई ओवाळायचं ताट घेऊन धक्क्यावर उभी होती. हैबतीला मात्र शेपूट सुचेना. पाण्यावर बसलं की सुचेल, म्हणून तो होडी घेऊन नदीच्या मध्यावर गेला आणि गळा साफ करत बसला. इकडे ओहोटी लागली, पाणी मागे गेलं आणि होडी मधल्या उथळ पट्टीवर चिखलात बसली. अहो, ओहोटीची वेळ चुकवली म्हणून ज्यानं जन्मभर अख्ख्या बेटाला शिव्या घातल्या, त्याची होडी! ढकलायला उतरला तर मांडीपर्यंत रुतला. ओढूनताणून कसाबसा वर चढला, पण लग्नातला नवाकोरा लेंगा नाडी तोडून चिखलातच राहिला. नेमका तेव्हाच काठावर वऱ्हाडाचा टेम्पो थांबला.

"बानू गोऽऽऽ! लेंगा गेलाऽऽऽ!"

सदरा गुडघ्यापर्यंत होता म्हणून अब्रू वाचली.

काठावर नवरी पुढे झाली. डोंगरातली पोरगी ती, समोरच्या टेकडीवरची गुरं हाकेनं वळवणारी. तिनं शालू सावरला आणि तोंडाशी हात धरले.

"ओ होऽऽऽ! ख्यॅ, ख्यॅ! कोंबडा धरा रेऽऽऽ! बानू गोऽऽऽ, लेंगा गेलाऽऽऽ!"

पहिल्याच दिवशी सासूला नावानं हाक! वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावले. "ते नको गो पोरी, परत दे!" हैबती होडीतून हात जोडून ओरडत होता. पण रिवाज म्हणजे रिवाज. बेटावरची माणसं तर हसून हसून धक्क्यावरच बसली.

भरती आली तेव्हा कुठं नवरी घरात आली. हैबती भिंतीकडे तोंड करून बसला. अनुपमानं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही ते मुद्दाम ओरडला नव्हता, मला कळलं होतं. आपसूक आलं, म्हणून तर घेतलं."

"आन त्याच्यात नाव कुणाचं हाय? एकट्या माझं," बानूबाई म्हणाली. ती कुकारा ऐकल्यापासून ताठ मानेनं फिरत होती.

आठवड्यानं हैबती महाडचा बाजार करून काठावर आला. होडी मंगेशकडे होती. हैबतीनं इकडेतिकडे बघून कोंबड्यापर्यंत कुकारा दिला. होडी हलली नाही. त्यानं पुन्हा दिला. मंगेश आरामात वल्हं पुसत बसला होता.

मग हैबतीनं पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले आणि पणजा, आजा, आई असे सगळे घेत पोटातून ओरडला, "बानू गोऽऽऽ, लेंगा गेलाऽऽऽ!" आईच्या कोंबड्याशेजारी आपण कायमचे बसलो, हे त्याला तेव्हा कळलं.

पलीकडून बानूबाईचा आवाज आला, "दुसरा हाय घरात, याऽऽऽ!"

आणि होडी सुटली.